घरातले चालण्याचे यंत्र : विकत घेण्यापूर्वीचे विज्ञान

पनवेल-रोहा लोहमार्गावर आपटा नावाचे लहानसे स्थानक आहे. पाताळगंगेच्या काठचे हे गाव पनवेल तालुक्यात येते. गावाचे नाव ठाऊक नसलेल्यांनीही हे स्थानक पडद्यावर पाहिलेले असण्याचा संभव आहे. १९९५ साली प्रदर्शित झालेल्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' या चित्रपटाचा शेवटचा प्रसंग येथे चित्रित झाला. गाडी सुटली आहे, नायिका फलाटावरून धावते आहे आणि नायक गाडीच्या दारातून हात पुढे करतो आहे, असा तो प्रसंग.

हा प्रसंग भौतिकीच्या तासालाही उपयोगी पडतो. गाडीचा आणि धावणारीचा वेग अगदी सारखा आहे असे समजा. मग दारात उभ्या असलेल्या माणसाला ती पुढेही जाताना दिसणार नाही आणि मागेही पडताना दिसणार नाही. तिचे एकच पाऊल त्याने निरखले तर त्याला काय दिसेल? पाऊल जमिनीवर टेकलेले असते तेव्हा ते त्याच्या दृष्टीने मागे सरकते. मग ते उचलले जाते, हवेतून पुढे येते आणि पुन्हा टेकते. म्हणजे फलाटावरच्या माणसाला झेपा घेत पुढे जाणारे पाऊल गाडीतल्या माणसाला मात्र एकाच बंद वक्रावर पुन्हा पुन्हा फिरताना दिसते. हा वक्र खालून चपटा आणि वरून फुगीर असतो. संदर्भचौकट बदलली की गतीचे चित्र बदलते, ते असे.

त्याच १९९५ साली अमेरिकेत प्रिकॉर या कंपनीने एक नवे व्यायामयंत्र बाजारात आणले. त्याच्या मुळाशी हाच वक्र होता. यंत्राचे जनक लॅरी मिलर यांनी मोटारीच्या बाजूने धावणाऱ्या आपल्या मुलीचे चित्रण करून तिच्या पावलाची वाट अभ्यासली, असे सांगतात. माणूस जागच्या जागी राहील आणि त्याची पावले मात्र त्या बंद वाटेवर फिरतील, अशी योजना त्यांनी केली. हाच तो इलिप्टिकल ट्रेनर. आपल्याकडच्या दुकानांत त्याला 'क्रॉस ट्रेनर' असेही म्हणतात. आज हे यंत्र व्यायामशाळांतून घरांत आले आहे आणि शिक्षकांच्या खोलीतही त्याची चर्चा ऐकू येते.

ताईचा प्रश्न

माझी थोरली बहीण आपट्याला राहते. तीस वर्षे तिने मुलांना गणित शिकवले. गेल्या वर्षी तिच्या रक्ताची तपासणी झाली. मागच्या तीन महिन्यांतल्या रक्तशर्करेचा अंदाज देणारा जो आकडा असतो, तो ६.३ टक्के आला. ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या उंबरठ्यावरची पायरी समजतात. आमचे वडील मधुमेहाने गेले आणि त्यांनी शेवटची तीन वर्षे एका पायावर काढली. त्यामुळे हा आकडा आमच्या घरात नुसता आकडा राहिला नाही.

डॉक्टरांनी रोज अर्धा तास व्यायाम सांगितला. ताईचे गुडघे दुखतात, त्यामुळे धावणे बाद. चालायला तिची ना नव्हती, पण जून ते सप्टेंबर कोकणातला पाऊस पहाटेच्या फेरीला उसंत देत नाही. रस्त्यावर चिखल आणि मालट्रक असतात. तिने मला फोन केला, "अरे, एवढा शास्त्रज्ञ झालास, तर आता मला एक यंत्र निवडून दे. जाहिराती वाचून माझं डोकं फिरलंय."

मी जरा ओशाळलो. कारण सहा वर्षांपूर्वी मीच असे एक यंत्र वापरून न पाहता, सवलतीच्या मोहाने घेतले होते. तीन महिन्यांत त्याच्यावर टॉवेल वाळू लागले. तेव्हा मी किंमत पाहिली होती, आकार पाहिला होता, पडद्यावरचे दिवे पाहिले होते. भौतिकी तेवढी पाहिली नव्हती. ताईसाठी मात्र ती पाहायचे ठरवले. या लेखात तेच मांडले आहे.

पाऊल कोणत्या वाटेने जाते?

या यंत्राचा गाभा समजायला फार खोलात जावे लागत नाही. एक चक्री असते. पायपट्टी ज्या दांड्यावर बसवलेली असते, त्याचे एक टोक चक्रीच्या कडेला जोडलेले असते, म्हणून ते वर्तुळात फिरते. दुसरे टोक रुळावर मागेपुढे सरकते किंवा वरून लोंबणाऱ्या दांड्याला अडकवलेले असल्यामुळे झोपाळ्यासारखे हलते. एक टोक वर्तुळात, दुसरे जवळजवळ सरळ रेषेत. मग मधला बिंदू कसा फिरेल? वर्तुळ आणि रेषा यांच्या मधला आकार, म्हणजे लंबगोल.

*वर्गात करून पाहा.* पुठ्ठ्याची ५ सेंमी त्रिज्येची चकती कापा आणि तिच्या केंद्रात टाचणी खुपसून ती कागदावर फिरती ठेवा. २५ सेंमी लांबीच्या पुठ्ठ्याच्या पट्टीचे एक टोक चकतीच्या कडेला टाचणीने सैलसर जोडा. चकतीच्या केंद्रातून जाणारी एक सरळ रेषा आखा. पट्टीचे दुसरे टोक या रेषेवरच सरकेल असे मोजपट्टीच्या आधाराने धरा. पट्टीच्या बरोबर मध्ये भोक पाडून त्यात पेन्सिल घाला आणि चकती सावकाश एक पूर्ण फेरी फिरवा.

कागदावर १० सेंमी लांब आणि ५ सेंमी उंच असा लंबगोल उमटेल. आता पेन्सिलीचे भोक सरकत्या टोकाच्या आणखी जवळ, पट्टीच्या पाऊण अंतरावर पाडा. या वेळी लांबी तीच १० सेंमी राहील, पण उंची निम्मी, म्हणजे २.५ सेंमी होईल. वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना याचे कारण त्रिकोणमितीने शोधायला सांगावे.

नीट पाहिले तर हे शुद्ध लंबवर्तुळ नाही. दोन टाचण्या आणि दोऱ्याचा फास यांनी काढलेले लंबवर्तुळ शेजारी ठेवा. यंत्राचा आकार किंचित अंड्यासारखा आहे आणि त्याची चक्रीकडची बाजू थोडी बोथट आहे, असे दिसेल. यंत्राचे नाव लंबवर्तुळावरून पडले असले, तरी केप्लरने ग्रहांच्या कक्षांबद्दल सांगितलेले लंबवर्तुळ ते हे नव्हे.

या प्रयोगातून खरेदीचा पहिला नियम मिळतो. साध्या रचनेच्या यंत्रात पावलाच्या वाटेची लांबी ही चक्रीवरच्या जोडबिंदूच्या वर्तुळाच्या व्यासाएवढी असते. ४५ सेंमीचे पाऊल हवे असेल, तर ४५ सेंमी व्यासाचे वर्तुळ यंत्रात मावले पाहिजे. काही महाग यंत्रे जास्तीचे जोडदांडे वापरून ही अडचण सोडवतात, पण एरवी लहान खोक्यात मोठे पाऊल मावत नाही.

मोठी माणसे चालताना एका पावलापासून दुसऱ्या पावलापर्यंतचे अंतर साधारण ६० ते ७५ सेंमी असते. व्यायामशाळेतल्या यंत्रांत पावलाची वाट सुमारे ५० सेंमी लांब असते. घरगुती स्वस्त यंत्रांत ती पुष्कळदा ३० ते ३५ सेंमीच असते. माझ्या यंत्राची वाट मी नंतर मोजली, ती ३० सेंमी भरली. माझ्यासारख्या उंच माणसाला त्यावर चालणे म्हणजे तीनचाकी सायकल चालवण्यासारखे होते. गुडघे वर येत, पण पाय लांब होत नसत. यंत्र वाईट नव्हते, ते माझ्या मापाचे नव्हते. चप्पल घेताना आपण पाय घालून पाहतो, इथे मात्र मी माप न घेताच पैसे मोजले होते.

जडचक्र : वजन किती, हे पुरेसे नाही

जाहिरातीत ठळक अक्षरांत लिहिलेले असते, 'फ्लायव्हील ६ किलो'. फ्लायव्हील म्हणजे जडचक्र. जुने पायाने चालवायचे शिवणयंत्र आठवा. पाय खाली-वर होतो आणि मोठे चाक फिरते. फेरीत दोन जागा अशा येतात की तेथे पायाचा जोर चाकाला फिरवू शकत नाही. तेथून चाक स्वतःच्या जडत्वाने पुढे निघून जाते. आपल्या यंत्रातही जडचक्राचे काम हेच आहे. अडलेल्या जागी साठवलेली ऊर्जा देऊन गती एकसारखी राखायची. ते पुरेसे नसेल तर प्रत्येक फेरीत दोनदा हिसका बसतो आणि तो थेट गुडघ्याला जाणवतो.

फिरत्या चाकाची गतिज ऊर्जा ½ I ω² असते. भरीव तबकडीसाठी I = ½ m r². समजा, तबकडी ६ किलोची, १२ सेंमी त्रिज्येची आहे आणि पट्ट्याच्या योजनेमुळे ती पायपट्टीच्या आठपट वेगाने फिरते. आपण सेकंदाला एक फेरी मारली, तर तबकडी सेकंदाला आठ फेऱ्या मारेल. आकडेमोड केली की ऊर्जा सुमारे ५५ ज्यूल येते. मध्यम व्यायामात आपण यंत्राला जवळपास ७५ वॅट देतो, म्हणजे अर्ध्या फेरीला सुमारे ३७ ज्यूल. साठा आणि देवघेव जवळजवळ सारख्याच आकाराची आहेत. असे यंत्र चालेल, पण अगदी लोण्यासारखे चालणार नाही.

आता सूत्राकडे पुन्हा पाहा. वजन दुप्पट केले तर ऊर्जा दुप्पट होते. पण त्रिज्या किंवा फिरण्याचा वेग दुप्पट केला तर ती चौपट होते. तेच वजन तबकडीभर न पसरता कडेला ठेवले तरी ती जवळजवळ दुप्पट होते. म्हणून ८ किलोचे लहान, सावकाश फिरणारे चक्र ५ किलोच्या मोठ्या, वेगवान चक्रापुढे फिके पडू शकते. जाहिरातीत किलो लिहिलेले असतात, त्रिज्या आणि वेग नसतात. यावर उपाय एकच : यंत्रावर उभे राहून अगदी सावकाश पाय फिरवायचे. हिसका जाणवला तर जाहिरातीतल्या किलोंकडे दुर्लक्ष करायचे.

न टेकणारा ब्रेक

नुसते चाक फिरवायला फारशी मेहनत पडत नाही. व्यायाम व्हायचा तर विरोध हवा. जुन्या किंवा अगदी स्वस्त यंत्रांत नमद्याची गादी किंवा पट्टा चाकावर घासतो. तो झिजतो, तापतो, कुरकुरतो. बहुतेक आजच्या यंत्रांत मात्र चुंबक असतात आणि ते चाकाला टेकत नाहीत.

धातूचे चाक चुंबकाजवळून फिरले की धातूत विद्युतप्रवाहाचे लहान भोवरे निर्माण होतात. फ्रेंच शास्त्रज्ञ फूको यांनी १८५५ साली हा परिणाम दाखवून दिला. लेंझच्या नियमाप्रमाणे हे भोवरा-प्रवाह त्यांना जन्म देणाऱ्या गतीलाच विरोध करतात. चाक अडते आणि आपली मेहनत उष्णतेच्या रूपाने धातूत जाते.

*वर्गात करून पाहा.* अॅल्युमिनियमची जाड, सपाट पट्टी तिरकी धरा. तिच्यावरून एकदा लोखंडाचा गुळगुळीत तुकडा आणि एकदा तेवढाच जोरदार चुंबक घसरू द्या. अॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, हे आधी दाखवून ठेवा. तरीही चुंबक कुणी मागून धरून ठेवल्यासारखा सावकाश उतरतो. मुलांच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य पाहण्यासारखे असते.

या ब्रेकचे दोन गुण खरेदीला उपयोगी आहेत. घर्षण नसल्याने तो झिजत नाही आणि आवाजही करत नाही. शिवाय हाताने फिरवायच्या मुठीने चुंबक जवळ-दूर होणार असतील तर त्याला वीज लागत नाही. गावात वीज गेली तरी व्यायाम थांबत नाही. पडदा तेवढा सेलवर चालतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. मुठीवरचे १ ते ८ आकडे चुंबकाची जागा सांगतात, शक्ती नव्हे. हा विरोध वेगाबरोबरही वाढतो. त्यामुळे एका यंत्रावरचा ५ आणि दुसऱ्यावरचा ५ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. 'आमच्यात सोळा पायऱ्या आहेत' या वाक्याला फारसा अर्थ नाही. सर्वांत वरच्या पायरीवर आपल्याला धाप लागते का, एवढेच पाहावे.

पडद्यावरचा आकडा

यंत्राच्या पडद्यावर वेग, वेळ, अंतर आणि कॅलरी असे आकडे येतात. लोकांचे लक्ष शेवटच्या आकड्याकडे असते. तो कोठून येतो?

अर्धा तास आपण यंत्राला ७५ वॅट दिले तर ७५ × १८०० = १,३५,००० ज्यूल काम झाले. आहारातली कॅलरी म्हणजे किलोकॅलरी, सुमारे ४,१८४ ज्यूल. म्हणजे यंत्राला मिळाल्या अवघ्या ३२ किलोकॅलरी. पण आपले स्नायू खर्चलेल्या ऊर्जेपैकी साधारण २० ते २५ टक्केच बाहेरच्या कामात उतरवतात. बाकीची उष्णता होते, म्हणून तर घाम येतो. तेव्हा शरीराचा खर्च सुमारे १५० किलोकॅलरी झाला. एका वडापावात आकाराप्रमाणे २५० ते ३०० किलोकॅलरी असतात. अर्ध्या तासाच्या घामाची किंमत अर्धा वडापाव!

यंत्राला तुमचे वजन ठाऊक नसेल आणि चुंबकाची जागाही समजत नसेल, तर पडद्यावरचा आकडा फेऱ्यांची संख्या गुणिले एक ठरलेली संख्या, एवढाच असतो. हे तपासायची सोपी युक्ती आहे. सर्वांत हलक्या पायरीवर दोन मिनिटे एका ठरावीक वेगाने चाला आणि कॅलरी टिपून घ्या. मग सर्वांत जड पायरीवर त्याच वेगाने दोन मिनिटे चाला. दोन्ही आकडे सारखे आले, तर तो पडदा कॅलरी मोजत नाही, फेऱ्या मोजतो. पनवेलच्या दुकानात ताईने ही चाचणी तीन यंत्रांवर घेतली. दोन यंत्रांनी दोन्ही वेळा तोच आकडा दाखवला. दुकानदारालाही गंमत वाटली.

या ७५ वॅटचा अंदाज यावा म्हणून दोन शेजारी पाहू. आपट्याजवळच कर्नाळ्याचा किल्ला आहे. ६५ किलो वजनाच्या माणसाने समजा ३५० मीटरचा चढ ५० मिनिटांत चढला. वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण गुणिले उंची केले आणि त्याला ३,००० सेकंदांनी भागले की ७४ वॅट येतात. म्हणजे रोज यंत्रावर मध्यम व्यायाम करणारा माणूस कर्नाळा चढण्याच्याच जोराने काम करत असतो. फक्त त्याला वर पोचल्यावर सुळका आणि पक्षी दिसत नाहीत.

दुसरा शेजारी पाताळगंगा. लोणावळ्याच्या परिसरातल्या तलावांचे पाणी घाटाखाली खोपोलीच्या वीजगृहात आणून टाटांनी १९१५ साली मुंबईला वीज दिली. वीजगृहातून सुटलेले पाणी पाताळगंगेत येते. हे पाणी सुमारे ५०० मीटर खाली उतरते. गच्चीवर असते तशी १,००० लिटरची एक टाकीभर पाणी इतके खाली आले, की ४९ लाख ज्यूल मिळतात. जनित्रातली घट वजा करूनही एक युनिटाहून अधिक वीज होते. ताईला एक युनिटाएवढे काम करायला रोज अर्धा तास याप्रमाणे सत्तावीस दिवस लागतील. माणसाचे स्नायू ऊर्जेचे साधन म्हणून किती दुबळे आहेत आणि आठ-दहा रुपयांत मिळणारे युनिट किती मोठे आहे, हे विद्यार्थ्यांना यावरून चांगले पटते.

मग व्यायाम कशासाठी?

इथे वाचक विचारील, अर्धा वडापावच जळणार असेल तर एवढा खटाटोप कशाला? वडापाव न खाल्लेला काय वाईट? प्रश्न योग्य आहे. उत्तर असे की या व्यायामाचा मुख्य लाभ कॅलरीच्या हिशेबात मावतच नाही.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचा वजन-उंचीचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. काट्यावर दोघे सारखे, आतून मात्र फार वेगळे. भारतीय माणूस सडपातळ दिसत असूनही मधुमेहाच्या वाटेवर असू शकतो, हे त्या एका छायाचित्राने जगाला सांगितले. आपल्याकडे मधुमेहाचे प्रमाण किती आहे? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीचा अंदाज १० कोटींहून अधिक मधुमेही असा आहे.

आता स्नायूंकडे पाहू. रक्तातली साखर स्नायूंच्या पेशीत शिरायला वाहक प्रथिने लागतात. त्यांतल्या प्रमुख प्रथिनाचे नाव ग्लुट-४. एरवी ती पेशीच्या आत असतात आणि इन्शुलिनचा संदेश आला की पृष्ठभागावर येऊन साखरेला वाट देतात. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असणाऱ्यांच्या पेशी हा संदेश नीट ऐकत नाहीत. पण स्नायू आकुंचन पावू लागला की ही प्रथिने इन्शुलिनची वाट न पाहताही पृष्ठभागावर येतात. समोरचे दार घट्ट झाले असले, तरी काम करणारा स्नायू मागचे दार उघडतो. व्यायामानंतर एक-दोन दिवस पेशींची इन्शुलिनला दाद देण्याची क्षमताही सुधारलेली राहते.

या 'एक-दोन दिवस' शब्दांतच सगळे सार आहे. परिणाम ओसरतो, म्हणून व्यायामात सलग दोन दिवसांहून मोठा खंड पडू नये. रविवारी तीन तास घाम गाळून उरलेला आठवडा बसून काढणे, याने ते साधत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे. मध्यम म्हणजे किती? व्यायाम करताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. या मोजमापाला पडदा लागत नाही.

तेव्हा यंत्राकडून आपल्याला कॅलरी विकत घ्यायच्या नाहीत, खंड न पडणे विकत घ्यायचे आहे. पावलाची लांबी, जडचक्राचा गुळगुळीतपणा, ब्रेकचा शांतपणा यांना महत्त्व आहे ते एवढ्यासाठीच. जे यंत्र गुडघ्याला हिसका देते किंवा शेजाऱ्यांची झोप मोडते, त्याच्यावर माणूस महिन्याभरात उभा राहीनासा होतो.

गुडघ्याचा प्रश्न राहिला. धावताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून वजनाच्या दोन ते तीनपट जोराचा धक्का येतो. चालताना तो वजनाहून थोडासाच अधिक असतो. या यंत्रावर पाऊल पायपट्टी सोडतच नाही, त्यामुळे आपटण्याचा धक्का जवळजवळ नसतो आणि तरीही शरीराचे वजन पायांवरच राहते. ताईसारख्यांना हे सोयीचे आहे. मात्र गुडघा वाकवताना मुळातच दुखत असेल, छातीत दुखत असेल किंवा हृदयविकार असेल, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून यंत्रावर चढू नये.

दुकानात जाताना

सोबत मोजपट्टी न्यावी. पायपट्टी सर्वांत पुढे आणि सर्वांत मागे असताना तिच्या दोन जागांमधले अंतर मोजावे. मध्यम उंचीच्या माणसाला ते ४० सेंमीहून कमी नसावे. पायपट्टी सर्वांत वर असताना तिची जमिनीपासूनची उंची मोजावी, तीत आपली उंची मिळवावी आणि वर वीतभर जागा सोडावी. ही बेरीज खोलीच्या छताला पुरते का, हे घरी आधी पाहून ठेवावे. माळा असलेल्या जुन्या घरांत हे हमखास विसरले जाते. दोन पायपट्ट्यांमधले आडवे अंतर जितके कमी तितके बरे. चालताना पावले जवळून जातात, ती फाकवून चालणे कमरेला सोसत नाही.

यंत्राचे स्वतःचे वजन पाहावे. हलके यंत्र डुलते. वापरणाऱ्याच्या वजनाची जी मर्यादा लिहिलेली असते, तिच्यापेक्षा आपले वजन निदान १५-२० किलोंनी कमी असावे. कोकणातल्या दमट हवेत रूळ आणि सांधे गंजतात, तेव्हा सांध्यांना बेअरिंग आहेत की नुसत्या धातूवर धातू, हे विचारावे. पनवेलमध्ये दुरुस्तीला माणूस मिळेल का, हेही विचारावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आपल्या नेहमीच्या बुटांत सलग दहा मिनिटे यंत्रावर चालून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. माझी चूक तेवढीच होती.

किमतीचा हिशेब मात्र एकूण रुपयांत करू नये. यंत्र ३०,००० रुपयांचे आहे आणि पावसाळ्याचे १२० दिवस याप्रमाणे पाच वर्षे वापरले, असे समजा. ६०० वेळांना ३०,००० म्हणजे एका वेळेला ५० रुपये. तेच यंत्र चाळीस वेळा वापरून टाकून दिले, तर एका वेळेला ७५० रुपये. भाजक आपल्या हातात असतो.

म्हणून मी ताईला एक अट घातली. आधी तीन महिने चालायचे आणि दिनदर्शिकेवर रोज खूण करायची. फेब्रुवारीपासून ती घर ते स्थानक आणि परत अशी अर्ध्या तासाची फेरी करू लागली. नव्वद दिवसांत एकाहत्तर खुणा झाल्या आणि सलग दोनपेक्षा जास्त दिवस रिकामे फक्त एकदा राहिले. मेअखेर तिने ४२ सेंमी पावलाचे, साधा पडदा असलेले यंत्र घेतले. आता पावसात यंत्र आणि एरवी रस्ता, असा तिचा क्रम आहे. खुणा चालूच आहेत. नंतरच्या तपासणीत आकडा ६.३ वरून ६.० झाला. तिने आहारही बदलला होता. शिवाय एका माणसाच्या दोन आकड्यांवरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे तिनेच मला सुनावले. गणिताची शिक्षिका ती!

विद्यार्थ्यांसाठी तीन प्रश्न देऊन थांबतो. एक : पेन्सिल पट्टीवर कोठेही ठेवली तरी उमटणाऱ्या आकाराची लांबी तीच का राहते? दोन : जडचक्राची त्रिज्या निम्मी केली, तर तेवढीच ऊर्जा साठवण्यासाठी वेग न बदलता वजन कितीपट करावे लागेल? तीन : तुमच्या शाळेचा जिना वेगाने चढायला किती सेकंद लागतात, हे मोजा आणि आपली शक्ती वॅटमध्ये काढा. तिसरा प्रश्न शिक्षकांनीही सोडवावा, पण बेताने.